उशीवर एक पाय

आमच्या घरात गाडी फक्त आईला यायची. बाबांना सायकल येते आणि मला काहीच येत नव्हतं. पुण्यात राहून हे कबूल करायला धीर लागतो. इथे लोक "गाडी येत नाही?" असं दोनदा विचारतात. पहिल्यांदा खात्री करून घ्यायला आणि दुसऱ्यांदा उत्तर पुन्हा ऐकायला बरं वाटतं म्हणून.

माझी काही तक्रार नव्हती. मला आईच्या स्कूटरची मागची सीट होती. शाळा, कॉलेज, आणि पुढे ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरीला लागले ते कॉलेज, सगळीकडे आईनेच मला सोडलं. तिचं पाटबंधारे खात्यातलं ऑफिस त्याच वाटेवर होतं. आई बुटकी, मी बाबांवर गेलेली उंच. सिग्नलला आम्ही थांबलो की शेजारचा रिक्षावाला आधी तिच्याकडे बघायचा, मग मान वर करून माझ्याकडे. एकाने विचारलंही होतं, "मावशी, पोरगी एवढी मोठी झाली, तिला द्या की चालवायला."

"देते," आई म्हणाली. "तू आधी तुझी रिक्षा बाजूला घे."

त्याने खरंच थोडी पुढे घेतली.

आई विदर्भातली. नोकरीसाठी पुण्यात आली, चाळिशीच्या आसपास गाडी शिकली आणि मग पुन्हा कधी बसमध्ये चढली नाही. बोलणं मात्र तिने बदललं नाही. "काय करून राहिली तू? चल, उशीर होऊन राहिला," असं खालून ओरडली की अख्ख्या सोसायटीला कळायचं की आमची निघायची वेळ झाली. मी हातातलं पुस्तक मिटून जिना उतरायचे. मागच्या सीटवर बसून कितीतरी पुस्तकं वाचली असती, पण आईच्या ब्रेकमुळे ते जमलं नाही.

यंदा होळीनंतर आई गेली. आजारपण थोडक्यात उरकलं. ती सगळंच उरकायची. घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि आमच्या घरात दोन अबोल माणसं उरली. तिसरी बोलत होती तोवर आम्ही दोघं इतके अबोल आहोत हे आम्हालाही माहीत नव्हतं.

गाडी खाली पार्किंगमध्ये होती, करड्या कव्हरखाली. दर रविवारी सकाळी बाबा कव्हर काढायचे, फडक्याने गाडी पुसायचे, किक मारून सुरू करायचे आणि थोडा वेळ तशीच स्टँडवर चालू ठेवायचे. मग बंद करून पुन्हा कव्हर घालायचे. मी वरून गॅलरीतून बघायचे. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

गणपती झाले आणि एका संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन लिफ्टपाशी भेटले. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, सरळ ताठ गृहस्थ. सोसायटीत नवीन भाडेकरू आलेत, गाड्या वाढल्यात, जागा तेवढीच आहे, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. जी गाडी गेटबाहेर जात नाही तिला पार्किंग नाही, असं कमिटीत ठरलं होतं.

"आमची चालू आहे," मी म्हटलं. "बाबा दर रविवारी सुरू करतात."

"सुरू होते, हे मी रोज नाही पण दर रविवारी ऐकतो. सुरू होणं आणि चालणं वेगळं, मॅडम. आपण ग्रंथालयात आहात. न वाचलेलं पुस्तक आपण किती दिवस टेबलावर ठेवता?"

त्यांनी आवाज जरा खाली आणला. "दिवाळीपर्यंत बघा. आपल्या आई मला रोज हॉर्न देऊन गेटमधून बाहेर पडायच्या. मलाही बरं वाटत नाही सांगायला. पण जागा ही जागा आहे."

वर येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "वर्ध्याला तुझा मामा घेऊन जातो म्हणत होता. शेतावर जायला उपयोगी पडेल त्याला. ट्रकमध्ये टाकली की झालं." आणि बेसिनपाशी जाऊन उगाचच तोंड धुतलं.

मामा चांगला माणूस आहे. पण त्याच्या गाडीला चाऱ्याचे भारे बांधलेले असतात आणि आरसे कधीच नसतात. मला रात्रभर काही वेगळं सुचलं नाही. सकाळी मी ठरवलं, गाडी शिकायची.

त्याच दिवशी खाली जाऊन मी कव्हर काढलं, गाडी स्टँडवरून पुढे ढकलली आणि ती सावकाश, मोठ्या समजुतीने डाव्या बाजूला कलत माझ्या अंगावर आली. मी तिच्याखाली नाही, तिच्याशेजारी पडले. लागलं काही नाही. समोर दुसऱ्या मजल्यावरची मुलगी दुधाची पिशवी घेऊन उभी होती. ती फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने पिशवी खाली ठेवली, गाडी उचलायला हात लावला आणि माझ्याकडे फार आशेने बघितलं.

"ताई, तुला चक्कर वगैरे येते का?"

"नाही."

"कान, गुडघा, घोटा, जुनी काही इंज्युरी?"

"नाही."

"वय तिशीच्या आत?"

"आहे अजून."

"परफेक्ट," ती म्हणाली. "मला तुझ्यासारखीच कोणीतरी हवी होती."

तिचा प्रोजेक्ट होता. निरोगी तरुण माणसांचा तोल घरच्या घरी व्यायाम करून सुधारतो का, हे तिला बघायचं होतं. म्हाताऱ्यांवर सगळेच करतात, म्हणाली. धडधाकट माणसंच मिळत नाहीत. मिळतात ती खराडीला आयटीत नोकरी करणारी, आणि ती पहिल्या आठवड्यातच मेसेजला उत्तर देणं बंद करतात. त्या संध्याकाळी ती घरी आली. मला हॉलमध्ये उभं केलं, मोबाइल टीव्हीला टेकवून व्हिडिओ सुरू केला आणि एका पायावर उभं राहायला सांगितलं. जमलं, थोडं डुलत. मग म्हणाली, डोळे मिट. मी मिटले आणि सोफ्यावर पडले.

"हे इंटरेस्टिंग आहे," ती म्हणाली. मला ते तेवढं वाटलं नाही.

तिने समजावलं ते एवढंच. तोल तीन ठिकाणांहून सांभाळला जातो, डोळ्यांनी, कानाच्या आतल्या भागाने, आणि पायाच्या घोट्या-तळव्यांनी. माझं तिन्ही शाबूत होतं. पण मी खेळले नव्हते, झाडावर चढले नव्हते, सायकलवरून पडले नव्हते. "तुला आजार काही नाही, ताई. तुझ्या पायांना कधी कामच पडलेलं नाही."

मी म्हटलं, याने मला गाडी येईल का? ती प्रामाणिक मुलगी आहे. "ते माहीत नाही. पण तू सोफ्यावर कमी पडशील."

अशी आमच्या घरात व्यायामाला सुरुवात झाली. दात घासताना एका पायावर. हॉलमधल्या फरशीच्या सांध्यावरून टाचेला पंजा लावत गॅलरीपर्यंत, आणि तसंच मागे. खुर्चीवरून हात न लावता उठायचं. आणि सगळ्यात अवघड, उशी जमिनीवर ठेवून तिच्यावर एका पायाने उभं राहायचं. उशीखाली जमीन आहे हे ठाऊक असतं, पण पायाला पटत नाही. घोटा सारखा थरथरतो, बोटं कापूस पकडायला बघतात, हात आपोआप पसरतात. मी आयुष्यात इतकी हास्यास्पद कधी दिसले नव्हते आणि बघायला फक्त बाबा होते.

पहिले काही दिवस ते पेपर समोर धरून बसायचे. मग पेपर थोडा खाली यायला लागला. एक दिवस म्हणाले, "कापसाची उशी नको घेऊ. गोधडीची घडी घे. उशी फाटेल."

"तिने उशी सांगितलीय."

"फाटली तर शिवणार कोण?"

आमच्या घरात शिवणारं आता कोणी नव्हतं. मग त्यांनी स्वतः उठून कपाटातली जुनी, चपटी झालेली उशी काढून दिली. "ही फाटली तरी चालेल."

विहारातल्या एक काकू दुपारी भेटायला आल्या तेव्हा दार उघडंच होतं. मी उशीवर एका पायाने उभी, डोळे मिटलेले, हात पसरलेले. त्या दारातच थांबल्या. बाबांनी खुणेने बसायला सांगितलं. माझा पाय टेकल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "चांगलं आहे. मन शांत राहतं. पण बाई, बसून पण करता येतं."

डोळे उघडे ठेवून लवकरच जमू लागलं. दात घासून झाले तरी पाय वरच असायचा. डोळे मिटण्याचं मात्र वेगळं होतं. मिटले की मला आईला ठेवलं होतं त्या हॉस्पिटलमधला लांब कॉरिडॉर दिसायचा. त्याच्या टोकाची खिडकी दिसायची आणि मी पडायचे. हे मी दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला सांगितलं नाही. तिच्या प्रोजेक्टमध्ये त्याला रकाना नव्हता.

एका संध्याकाळी मी अशीच डोळे मिटून डुलत होते आणि बाबांनी एकदम पेपर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. खडकवासल्यात पाणी किती, कालव्यात सोडणार कधी, कुठल्या भागाला गुरुवारी पाणी नाही. आईच्या खात्याच्या बातम्या ते रोज तिला वाचून दाखवायचे, आणि ती प्रत्येक बातमीला "चूक छापलंय" म्हणायची. कित्येक महिन्यांत त्यांनी काही मोठ्याने वाचलं नव्हतं. आवाज माझ्या उजवीकडून, खिडकीपाशी असलेल्या त्यांच्या खुर्चीतून येत होता. खुर्ची तिथे, म्हणजे सोफा इकडे, म्हणजे मी सरळ उभी आहे. गुरुवारच्या पाणीकपातीची सगळी यादी संपेपर्यंत माझा पाय वर होता.

"चूक छापलंय," मी डोळे न उघडता म्हटलं.

बाबांना हसू आलं की काय कळलं नाही, पण पेपरची घडी मोडल्याचा आवाज आला.

पुढच्या वेळी ती मुलगी व्हिडिओ घ्यायला आली तेव्हा बाबा चष्मा लावून तयारच होते. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि ती ओरडली नाही, पण जवळजवळ.

"काका, बोलायचं नाही! आवाजावरून तिला डायरेक्शन कळते. माझा डेटा खराब होतो."

"हळू वाचू?"

"वाचायचंच नाही, काका."

"मग पान उलटू शकतो?"

तिने विचार केला. "नको. पान पण नको."

बाबांनी पेपर मांडीवर ठेवला आणि परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरसारखे बसून राहिले. मी डोळे मिटले. पाय वर घेतला. पंखा होता, खाली कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न होता, आणि बाबा श्वास रोखून बसलेत हे कळत होतं. मी पडले, पण सोफ्यावर नाही, नुसता पाय टेकला. मुलगी खूश झाली. बाबांनी श्वास सोडला.

शिकाऊ लायसन्स तोवर आलं होतं. सोसायटीमागे एक मोकळा प्लॉट आहे, तिथे सकाळी मुलं क्रिकेट खेळतात. ती यायच्या आधी आम्ही तिघं गाडी घेऊन जायचो. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी गाडी शिकवणार होती. "हे प्रोजेक्टच्या बाहेरचं आहे, ताई. हे मी मैत्रीण म्हणून करतेय," असं तिने आधी स्पष्ट केलं होतं. बाबा प्लॉटच्या कडेला उभे राहायचे, दोन्ही हात पुढे, मी गाडीवरून पडले तर झेलता येईल अशा बेताने.

मी पडले नाही. पाय आता ठाम होते. पण गाडी सरळ जात नव्हती. दर वेळी थोडी पुढे जाऊन डावीकडे वळायची, कुंपणाकडे. हँडल सरळ धरलं तरी डावीकडे. गाडीतच काही वाकलंय अशी मला खात्री पटली. मुलीने स्वतः चालवून बघितली, बाणासारखी सरळ गेली. मग तिने माझा व्हिडिओ घेतला, दोनदा पाहिला आणि हसायलाच लागली.

"ताई, तू बघतेस कुठे?"

"समोर."

"नाही. हे बघ. तू डाव्या खांद्यावरून वाकून बघतेयस. जसं काही पुढे कोणीतरी बसलंय."

व्हिडिओत ते अगदी स्पष्ट दिसत होतं. मी हँडल धरून बसले होते, पण मान डावीकडे कललेली, पुढच्या डोक्याच्या बाजूने रस्ता बघावा तशी. आई इतकी बुटकी, तिच्या डोक्यावरूनही मला सगळं दिसलं असतं. पण तिला मागून कोणी डोक्यावरून बघितलेलं आवडायचं नाही. म्हणायची, मानेवर तुझा श्वास येऊन राहिला, बाजूने बघ. मी वर्षानुवर्षं बाजूने बघितलं होतं. आणि जिकडे मान तिकडे गाडी.

मुलीचं हसू थांबलं. तिला काय ते कळलं असावं. मग तिने विषय बदलण्यासाठी म्हटलं, "आरसा पण तुला लावलेला नाही. तुला त्यात काय दिसतं?"

"माझी कोपरं."

तिने आरशाला हात घातला आणि मी तिचं मनगट धरलं. "तो राहू दे."

"अगं पण मागचं दिसायला नको?"

"राहू दे म्हटलं ना."

तिने हात काढला. आरसा आईच्या डोळ्यांच्या उंचीला होता. तो तिने शेवटचा कधी हलवला असेल ते सांगता येत नाही, पण तो तिच्या हाताने हललेला होता आणि त्यानंतर कोणाच्याच नाही. बाबाही पुसताना तो सोडून आजूबाजूने पुसायचे, हे मी गॅलरीतून पाहिलेलं होतं.

बाबा कडेवरून चालत आले. गाडीच्या पुढे उभे राहिले, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी आरसा धरून सावकाश वर फिरवला. गंजाचा बारीक करकर आवाज झाला.

"दिसतं का?"

मला कुंपण दिसलं, त्यामागची इमारत, आमची गॅलरी. मी मान हलवली.

"मग मामाला द्यायची तर तशीच देऊ," बाबा म्हणाले. "तुला चालवायची तर तुझ्यासारखी लागेल." आणि दुसऱ्या बाजूला जाऊन तो आरसाही फिरवला. तो जास्त कुरकुरला.

त्या दिवशी गाडी सरळ गेली. एकदम नाही. दोन-तीनदा मान कललीच, पण कलली की कळायचं. क्रिकेटवाली मुलं आली आणि त्यांनी स्टंप ठोकायला आम्हाला हटवलं, तोवर मी प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकाला जाऊन, वळून परत आले होते.

लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढायचा असतो. पाय टेकवला की नापास. माझ्या पुढच्या मुलाने टेकवला, त्याला पुन्हा यायला सांगितलं. मी निघाले. आठ म्हणजे एकदा इकडे झुकायचं आणि मधे येऊन तिकडे. गाडी अगदी सावकाश ठेवली की उशीवर असल्यासारखं वाटतं, खालचं हलतं आणि आपण हलायचं नाही. मला ते इतकं ओळखीचं वाटलं की मी आठ पूर्ण करून पुन्हा पहिल्या गोलात शिरले.

"झालं, मॅडम," इन्स्पेक्टर म्हणाले. मला ऐकू आलं नाही. मी दुसरा आठ काढायला घेतला.

"अहो मॅडम. पास आहात. आता बाहेर निघा, लोकांना घरी जायचंय."

वसुबारसेच्या सकाळी मी गाडी कव्हरमधून काढली. चेअरमन गेटपाशी दिवाळीच्या माळा लावून घेत होते. त्यांनी मला बघितलं, गाडी बघितली, आणि शिडीवरच्या माणसाला थांब म्हणून हात केला. मी गेटमधून बाहेर गेले, चौकात वळले, परत आले. ते तिथेच उभे होते.

"चालते म्हणायची," ते म्हणाले.

"हो."

"मग जागा तुमची. फक्त लावताना सरळ लावा. आई सरळ लावायच्या." आणि शिडीवरच्या माणसाला म्हणाले, "तू काय बघतोस? माळ लोंबतेय."

बाबा जिन्याच्या खाली येऊन उभे होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला, पायात बूट, कुठे निघाल्यासारखे. मी विचारलं, कुठे सोडू? ते म्हणाले, कुठे नाही, पेट्रोल टाकून येऊ, टाकीत फार जुनं आहे.

बाबांना मागे बसता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मागची जागा माझी होती, म्हणून ते सगळी वर्षं बसने गेले होते. आईने कधीमधी त्यांना नेलं असेल, तेही नाइलाजाने. ते खुर्चीत बसावं तसे ताठ बसले, मी उजवीकडे वळले तर ते डावीकडे झुकले आणि अख्खी गाडी हलली. मी कडेला थांबवली.

"बाबा, मी झुकेन तिकडे झुकायचं."

"पडणार नाही का?"

"नाही. उलटं झुकलात तर पडू. अंग सैल सोडा. आणि पाय खाली टेकू नका, ते काम माझं."

हे सगळं मला येत होतं. गाडी शिकायला मला गणपतीपासून दिवाळी लागली, पण मागे बसायचं कसं, हे पुण्यात माझ्याइतकं कोणाला येत नसेल. ब्रेक कधी लागणार ते पुढच्या खांद्यांवरून कळतं. खड्डा आला की किंचित उठायचं. पुढच्याला पकडायचं नाही, मागची दांडी धरायची. मी एकेक सांगत गेले आणि बाबा मागून "हां, हां" करत गेले. पुढच्या वळणाला ते माझ्याबरोबर झुकले. जरा जास्तच, पण त्याच बाजूला.

पंपावर दिवाळीची गर्दी. पेट्रोल घ्यायला बाबा उतरले, मुलाने नळी लावली, बाबांनी वाकून मीटरवरचं शून्य बघितलं. टाकी भरली. आमच्या मागे मोठी रांग होती आणि कोणीतरी लगेच हॉर्न वाजवला. बाबांना घाई करता येत नाही. ते एक हात माझ्या खांद्यावर ठेवून पाय टाकायच्या बेतात घुटमळले, पाय अर्धा वर, दुसऱ्या पायावर डुलत.

मागून आवाज आला, "काका, सणाच्या आत बसताय ना?"

मी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले, हँडल सरळ धरलं, ब्रेक दाबून धरला. "सावकाश बसा, बाबा. गाडी हलणार नाही."

त्यांचं सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं, मग सीटवर गेलं. गाडी जागची हलली नाही.

"बसलो," बाबा म्हणाले.